निजवले, उठवले

मराठीच्या वर्गात ऋतुवर्णन शिकवताना आमच्या हाती बहुधा विशेषणेच असतात. ग्रीष्म दाहक, वर्षा सजल, शरद निरभ्र, शिशिर पर्णहीन. कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून निघून वसंतापाशी थांबते, दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) चैत्रापासून फाल्गुनापर्यंत जाते. दोन्हींचा काळ, भाषा, प्रकृती सर्वस्वी भिन्न. तरी दोन्ही ठिकाणी ऋतू येतो आणि कुणीतरी तो डोळे भरून पाहतो. वीस-बावीस वर्षे हे शिकवून आमचीही अशी धारणा झाली होती की, ऋतू ही पाहण्याची गोष्ट आहे. ऋतू ही करण्याचीही गोष्ट असू शकते, हे आम्हाला एका वहीने शिकवले. ही वही साहित्यकृती नव्हे. ती अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात घरामागची बाग करणाऱ्या एका मराठी माणसाची कामाची नोंदवही आहे.

हा माणूस म्हणजे आमचे भाऊजी. आम्हा दोघांपैकी एकाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सातारा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले, पुढे अभियंता होऊन मिनीअ‍ॅपोलिसच्या एका उपनगरात स्थायिक झालेले. २०१८ च्या मार्चमध्ये ते अचानक गेले. ताई एकटी पडली, म्हणून आम्ही महाविद्यालयातून रजा काढली आणि त्या सप्टेंबरपासून पुढच्या जूनपर्यंत तिच्याजवळ राहिलो. स्वयंपाकघरातल्या खणात ही वही सापडली. तिच्यात निसर्गाविषयी एकही उद्गार नाही. तारीख आणि एक क्रियापद, एवढ्यात प्रत्येक नोंद संपते. ‘कंद पुरले.’ ‘पांघरूण घातले.’ ‘माती सुटली.’ ‘रोपांना वारा दाखवला.’ आणि दर ऑक्टोबरात न चुकता, ‘गुलाब निजवले’; दर एप्रिलात, ‘गुलाब उठवले.’ शेवटची नोंद ऑक्टोबर २०१७ ची होती. निजवले. त्यापुढची पाने कोरी.

गुलाब निजवणे हे अलंकारिक बोलणे असावे, असे आम्हाला प्रथम वाटले. ते अक्षरशः खरे निघाले. ज्याला हायब्रिड टी म्हणतात तो मोठ्या फुलांचा कलमी गुलाब तिथली थंडी उघड्यावर सोसू शकत नाही; कलमाचा सांधाच मरतो. म्हणून जमीन गोठण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या मध्यानंतर, त्याच्या फांद्या सुतळीने एकत्र बांधायच्या. झुडपाच्या उंचीइतका लांब चर एका बाजूला खणायचा. दुसऱ्या बाजूची माती काट्याच्या फावड्याने सैल करायची आणि मग अख्खे झुडूप हळूहळू त्या चरात आडवे करायचे. वाकायला हवे ते मुळांपाशी, खोडापाशी नव्हे. वर दोन-तीन इंच माती, आणि जमीन गोठू लागली की त्यावर दीड फूट पानांचा थर. सगळा हिवाळा गुलाब असा जमिनीखाली आडवा असतो. या रीतीला तिथे ‘मिनेसोटा टिप’ म्हणतात. इंग्रजी शब्दात फक्त कलंडणे आहे. भाऊजींनी त्याला निजवणे केले, आणि एकदा निजवणे म्हटले की उठवणे ओघानेच आले.

त्या ऑक्टोबरात ताईला यातले काहीच करायचे नव्हते. “यंदा राहू दे,” ती म्हणाली, “गेले तर गेले. एप्रिलात त्यांना उठवायला मी इथे असेन की नाही, मलाच ठाऊक नाही.” घर विकून पुण्याला यावे, असे तिच्या मनात घोळत होते. आम्हीही तसेच सुचवायला आलो होतो, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. वादाचा विषय गुलाब नव्हताच. ज्याला एप्रिलात उठवायचे त्यालाच ऑक्टोबरात निजवायचे असते. त्या कामातच पुढच्या सहा महिन्यांचा शब्द दिलेला असतो. ताईला तो शब्द द्यायचा नव्हता.

थंड प्रदेशातल्या बागेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, वसंतातही नाही. ते शरदात सुरू होते. ट्युलिपचा कंद ऑक्टोबरात सहा ते आठ इंच खोल पुरतात, कारण फूल येण्यापूर्वी त्याला बारा ते सोळा आठवडे सलग थंडी मिळावी लागते. आपल्याकडे सपाटीवर ट्युलिप का फुलत नाही, याचे उत्तर उन्हाळ्यात शोधण्याचे कारण नाही. त्याला हवा तेवढा हिवाळा इथे नसतो. पिओनीचे कोंब मातीखाली दोन इंचांहून खोल गेले, तर झाड पाने देते आणि फूल देत नाही. डेलियाचे उलट. ते मूळचे मेक्सिकोचे. पहिल्या दहिवराने पाने काळी पडली की त्याचे कंद उकरून, भुशात ठेवून तळघरात न्यायचे. म्हणजे एकाच आठवड्यात काही कंद पुरायचे आणि काही काढायचे. लसूणही ऑक्टोबरातच लावतात. आपल्याकडेही रब्बीचा लसूण साधारण याच सुमारास लागतो. पण आपला लसूण उन्हाळ्याच्या तोंडावर निघतो आणि तिथला बर्फाखाली महिने काढून जुलैत.

‘दहिवर’ हा शब्द आम्ही वहीतूनच घेतला. आपल्याकडे दवाला दहिवर म्हणतात. भाऊजींनी तो गोठलेल्या दवाला, पिके कोळपवणाऱ्या पहाटेच्या पांढऱ्या थराला लावला होता. जुन्या शब्दाला नव्या हवेत असे काम मिळालेले पाहून, भाषाविज्ञानाच्या पुस्तकात अर्थविस्ताराची उदाहरणे शोधणारे आम्ही काही वेळ त्या पानावरच थांबलो.

शेवटी गुलाब निजवले गेले ते शेजारच्या आजींमुळे. वय ऐंशीच्या पुढचे, पाठ वाकलेली. आदल्या एप्रिलात, भाऊजी जाऊन महिनाच झाला होता तेव्हा, ताईला न विचारता त्यांनीच हे गुलाब उठवले होते. आता एका सकाळी त्या आपले फावडे घेऊन फाटकातून सरळ आत आल्या आणि खणू लागल्या. त्यांना खणताना पाहून आम्ही धावलो आणि आम्हाला खणताना पाहून अखेर ताई बाहेर आली. नऊ झुडपे होती. संध्याकाळपर्यंत नऊ लांबट उंचवटे तयार झाले. त्यांचा आकार पाहून कुणाच्या मनात काय आले असेल, ते बोलून दाखवण्याची गरज नव्हती. ताईने वहीत त्या दिवशी काही लिहिले नाही.

नोव्हेंबरात पांघरुणाचे काम. थंडीपासून वाचवण्यासाठी झाडांना पांघरूण घालतात असे आम्ही समजत होतो. आजींनी सांगितलेले कारण निराळे होते. रोपाला थंडीपेक्षा तिच्या चढउताराचे भय अधिक. दुपारच्या उन्हाने माती सुटते, रात्री पुन्हा गोठते, फुगते, आणि या हिसक्यांनी मुळे जमिनीबाहेर ढकलली जातात. म्हणून जमीन गोठू द्यायची आणि मगच झाकायचे, म्हणजे ती वसंतापर्यंत गोठलेलीच राहते. पांघरुणाने ऊब टिकवायची नसते, थंडी टिकवायची असते. सफरचंदाच्या कोवळ्या खोडाभोवती पांढरे वेष्टन लावायचे तेही याचसाठी. हिवाळ्यातले नैर्ऋत्येचे ऊन साल तापवते आणि सूर्य मावळताच ती तडकते. शोकाच्या घरात राहताना हे ऐकले, म्हणून असेल, आम्हाला त्यात बागकामापलीकडचे काही ऐकू आले. ताईला लौकर ‘बाहेर काढण्याची’ आमची जी घाई चालली होती, ती त्यानंतर आम्ही सोडली.

करेल चापेक या चेक लेखकाने ‘माळ्याचे वर्ष’ अशा अर्थाच्या नावाचे एक छोटे पुस्तक १९२९ साली लिहिले. चित्रे त्याचा भाऊ योसेफ याची. ‘रोबो’ हा शब्द जगाला देणारे हेच दोघे भाऊ. प्रागमधल्या बागवानाची बारा महिन्यांची कामे आणि फजित्या त्यात आहेत. त्या विनोदी पुस्तकात नोव्हेंबरच्या निमित्ताने चापेक एकाएकी गंभीर होतो. त्याचे म्हणणे असे की, पाने गळाली म्हणून निसर्ग झोपला असे समजू नये. येणाऱ्या वसंताचे डोळे फांदीवर आत्ताच धरलेले असतात आणि जमिनीखाली काम सुरू झालेले असते. ते पुस्तक आम्ही त्या नोव्हेंबरात, दुपारी साडेचारलाच अंधारणाऱ्या घरात वाचले. वाचून फांद्या तपासल्या. लायलकच्या टोकांवर डोळे खरोखरच होते.

डिसेंबर-जानेवारीत बागेत काम नसते. काम टपालाने येते. बियाण्यांच्या कंपन्यांच्या सचित्र याद्या येऊन पडतात. साहित्याच्या अभ्यासकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘द न्यू यॉर्कर’च्या संपादक कॅथरीन व्हाइट यांनी १९५८ साली त्या साप्ताहिकात बियाण्यांच्या याद्यांचे परीक्षण लिहिले. एखाद्या कादंबरीचे करावे तसे, याद्या लिहिणाऱ्यांच्या शैलीचे गुणदोष दाखवीत. त्या लेखमालेचे ‘ऑनवर्ड अँड अपवर्ड इन द गार्डन’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९७९ साली निघाले. प्रस्तावना पती ई. बी. व्हाइट यांची. मेन राज्यातल्या कडक थंडीत, प्रकृती ढासळलेली असताना, आपण फार दिवसांच्या सोबती नाही हे जाणूनही कॅथरीनबाई दर ऑक्टोबरात बागेत खुर्ची टाकून बसत आणि वसंताचे कंद कुठे पुरायचे ते सांगत, हे त्यांनी तिथे नोंदवले आहे. ताईला आम्ही तेवढी प्रस्तावना वाचून दाखवली. तिने ती ऐकली आणि एक यादी पुढे ओढून टोमॅटोच्या दोन वाणांवर खूण केली. त्या हिवाळ्यात तिने बागेसाठी केलेली ही पहिली गोष्ट.

३० जानेवारी २०१९ रोजी मिनीअ‍ॅपोलिसचा पारा उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. फेब्रुवारीत ३९ इंच बर्फ पडला. त्या शहराच्या नोंदीत इतका बर्फ कोणत्याच फेब्रुवारीत नव्हता. आम्ही खिडकीपाशी उभे राहून नऊ उंचवट्यांची जागा शोधत असू, पण सगळे एकसारखे पांढरे झाले होते. त्या मुलखात घराचा पाया निदान ४२ इंच खोल न्यावा लागतो, कारण तिथवर जमीन गोठू शकते. मात्र बर्फ स्वतःच एक पांघरूण असते. पांघरुणावर पांघरूण पडत होते, म्हणून आजी निर्धास्त होत्या.

थंडी थोडी निवळली की सफरचंदाची छाटणी. डोळे फुटण्यापूर्वी, झाड निद्रिस्त असताना, गुडघाभर बर्फात शिडी रोवून करायचे हे काम. या प्रदेशात सफरचंद होते, हीच एका हट्टाची कथा आहे. एकोणिसाव्या शतकात पीटर गिडियन नावाच्या गृहस्थाने मिनेटोंका सरोवराकाठी वर्षामागून वर्षे रोपे लावली आणि हिवाळ्यांनी ती मारली. अखेर १८६० च्या दशकात बियांपासून वाढवलेले एक झाड टिकले. त्याला त्याने पत्नीचे नाव दिले, ‘वेल्दी’. १९०८ साली मिनेसोटा विद्यापीठाने फळझाडांच्या पैदाशीचे केंद्रच काढले आणि १९९१ साली ‘हनीक्रिस्प’ हे वाण प्रसारित केले. ताईच्या बागेतले झाड याच वाणाचे. भाऊजींची नोंद: ‘सफरचंद हलके केले.’ छाटले असे ते कधी लिहीत नसत.

मार्चमध्ये तळघरात ट्यूबलाइटखाली बी पेरले. आपला शेतकरी रोहिणी-मृगाकडे पाहत पुढे मोजतो. तिथे मागे मोजतात. शेवटचे दहिवर मेच्या मध्याला धरायचे; त्याच्या दहा-बारा आठवडे मागे कांदा, आठ-दहा आठवडे मागे मिरची, सहा-आठ आठवडे मागे टोमॅटो. जुन्या लोकांचे पंचांग मात्र झाडांवर लिहिलेले असते. ओकचे पान खारीच्या कानाएवढे झाले की मका पेरावा, असे तिथे म्हणतात. मार्चमध्येच भाऊजींचे वर्षश्राद्ध झाले. त्यानंतर चार-सहा दिवसांनी छपराच्या कडेला लोंबणारे बर्फाचे सुळके ठिबकू लागले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पानांचा थर काढला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा हिमवादळ आले आणि तो थर घाईघाईने परत घालावा लागला. तिसऱ्या आठवड्यात ताई सकाळीच बाहेर गेली. माती सुटली होती. तिने आम्हाला हाक मारली नाही, आजींनाही नाही. हातांनी माती बाजूला करीत तिने एकेक झुडूप उभे केले, सुतळी कापली, पायाशी माती दाबली, पाणी घातले. फांद्या काळपट, चिखलाने माखलेल्या. त्यात जिवंत कोणते आणि मेलेले कोणते, हे कुणालाही सांगता आले नसते. साल नखाने खरवडायची आणि आत हिरवे दिसते का ते पाहायचे, एवढीच परीक्षा. दोन झुडपांत हिरवे दिसले नाही. सात होती. संध्याकाळी वही टेबलावर उघडी होती. कोऱ्या पानावर ताईच्या गोलसर अक्षरात तारीख होती आणि खाली, ‘गुलाब उठवले. सात.’

संख्या भाऊजींनी कधी लिहिली नव्हती. लिहिण्याची वेळ त्यांच्यावर आली नसेल, किंवा आली तरी त्यांना ती नोंदवावीशी वाटली नसेल. ताईने मात्र हिशेब लिहिला. आमच्या मते त्या वहीतली ही सर्वांत प्रौढ नोंद आहे.

मेमध्ये रोपांना वारा दाखवण्याचे काम आमच्याकडे होते. तळघरात वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवले तर करपते. म्हणून आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ वाढवीत त्याला बाहेर न्यायचे. बाळंतघरातल्या मुलाला बाहेर काढावे तसे. रात्री दहिवराची भीती असली की वाफ्यांवर ताईच्या जुन्या सुती साड्या पसरायच्या. पहाटे बागेत इरकल आणि नारायणपेठ ओल्या होऊन पडलेल्या असत. जूनमध्ये पिओनी उमलली, तिच्या कळ्यांवर मुंग्या चढल्या, रात्री नऊपर्यंत उजेड राहू लागला आणि तण काढण्यात दिवस जाऊ लागले. आम्ही परतलो तेव्हा गुलाबांना कळ्या होत्या. जुलैतला लसूण, गुलाबांवरचे जपानी भुंगेरे साबणाच्या पाण्यात वेचून टाकणे, ऑगस्टमधली टोमॅटोची बरणीबंदी, हे सारे ताईने दूरध्वनीवर सांगितले. पुण्याला येण्याविषयी ती त्या वर्षी काही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.

२०२२ च्या शरदात तिने ते घर सोडले, गुडघ्यांच्या त्रासामुळे. त्याच शहरात एका लहान सदनिकेत गेली. ताबा देण्यापूर्वी गुलाब निजवले आणि नव्या मालकांसाठी इंग्रजीत एक पान लिहिले: या सात ठिकाणी जमिनीखाली गुलाब आहेत, पाने एप्रिलच्या सुरुवातीला काढा, झुडपे मध्याला उभी करा. पुढच्या वसंतात त्या कुटुंबाने तिला छायाचित्र पाठवले. घराची किंमत ठरली तेव्हा गुलाबांचा उल्लेख कुठल्या कागदात नव्हता. तरी दिलेला शब्द त्या एका पानावरून पुढच्या माणसाकडे गेला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याने झाडांच्या थंडी सोसण्याच्या पट्ट्यांचा नवा नकाशा काढला. देशाचा साधारण निम्मा भाग त्यात अर्ध्या पायरीने उबदार पट्ट्यात सरकला, मिनीअ‍ॅपोलिसही. पुढे कधी गुलाब निजवावेच लागणार नाहीत, अशी वेळ येईल काय? क्रियापदे अशीच मरतात. शब्द कोशात राहतो. काम गेले की त्याचा कर्ता आणि कर्म दोन्ही जातात.

वही आता आमच्याकडे आहे. गेली काही वर्षे ऋतुवर्णन शिकवताना आम्ही तिच्यातले एक पान वर्गात वाचतो आणि विद्यार्थ्यांना सांगतो की, आपल्या घरी, आपल्या रानात एखाद्या ऋतूत जे काम होते त्याचे क्रियापद आणा. विशेषण नको. निफाडकडच्या एका मुलाने द्राक्षबागेतली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी आणली. महिने तेच, वहीतले. मिरज तालुक्यातली एक मुलगी मात्र वही ऐकता ऐकताच अस्वस्थ झाली. तिच्या घरी पानमळा आहे. ती म्हणाली, “मॅडम, आमच्यात वेल उतरवतात. वर्षातून एकदा आधारावरून सोडवायचा, बुडाशी वेटोळे करून मातीत दाबायचा. वरून नवा फुटतो. त्याला उतरण म्हणतात.”

आम्ही फळ्यावर ‘निजवणे’ लिहिले होते. त्याच्या शेजारी तिला ‘उतरण’ लिहायला सांगितले. तासाची घंटा होईपर्यंत फळ्यावर तेवीस शब्द झाले. त्यातले नऊ आम्हाला नवे होते.